फिजिओथेरपीतील हालचालविषयक प्रश्नावली : विश्वसनीयता आणि सप्रमाणता यांच्या तपासणीची चिकित्सा

कंबर, गुडघा, मान किंवा खांदा यांच्या दुखण्यासाठी फिजिओथेरपी विभागात येणाऱ्या रुग्णाची आज केवळ तपासणी होत नाही. त्याला प्रश्नही विचारले जातात आणि त्याच्या उत्तरांना गुण दिले जातात. सांधा किती अंशांत वाकतो हे कोनमापकाने कळते. पण वाकलेल्या सांध्याने रुग्ण दिवसभरात काय करू शकतो, हे केवळ तोच सांगू शकतो. या साध्या सत्याच्या स्वीकारातून गेल्या चार-पाच दशकांत हालचालविषयक प्रश्नावलींचे मोठे दालन उभे राहिले. कंबरदुखीसाठी १९८० ची ऑस्वेस्ट्री निर्देशांक प्रश्नावली आणि १९८३ ची रोलंड-मॉरिस प्रश्नावली, मानेसाठी १९९१ चा नेक डिसॅबिलिटी इंडेक्स, गुडघ्यासाठी वोमॅक व कूस, हातासाठी डॅश ही नावे आपल्याकडील पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या तोंडी असतात. या प्रश्नावलींचे मराठी रूपांतर करणे आणि त्या रूपांतराची विश्वसनीयता व सप्रमाणता तपासणे हा पदव्युत्तर लघुप्रबंधांचा रूढ विषय झाला आहे. प्रस्तुत लेखात या तपासणीची चिकित्सा करावयाची आहे. ('सप्रमाणता' या शब्दाऐवजी काही अभ्यासक 'वैधता' हा शब्द वापरतात. शिक्षणशास्त्रातील मराठी ग्रंथांत रुळलेला पहिला शब्दच येथे स्वीकारला आहे.)

हा विषय केवळ संख्याशास्त्राच्या अध्यापकांचा आहे, असे कोणी समजू नये. प्रश्नावलीत मिळालेल्या गुणांवरून उपचार चालू ठेवायचे की थांबवायचे, शस्त्रक्रियेचा सल्ला द्यायचा की नाही, दोन उपचारपद्धतींपैकी कोणती अधिक गुणकारी, हे निर्णय घेतले जातात. मोजपट्टीच वाकडी असेल, तर निर्णय चुकतो आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो. मोजपट्टी वाकडी असूनही लघुप्रबंधात ती 'सिद्ध' झालेली असते, ही अधिक काळजीची बाब आहे.

विश्वसनीयतेचा देखावा

अशा लघुप्रबंधांचा एक साचा ठरून गेला आहे. प्रश्नावलीचे भाषांतर, उलट भाषांतर, तज्ज्ञांची संमती, एखाद्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातील सोयीने मिळालेला नमुना, क्रॉनबाक अल्फा, काही दिवसांनी पुनर्चाचणी, एखाद्या वेदनामापन पट्टीशी सहसंबंध आणि शेवटी 'सदर प्रश्नावली विश्वसनीय व सप्रमाण आहे' हे वाक्य. या साच्यातील प्रत्येक पायरी आवश्यक आहे, हे मान्यच. परंतु प्रत्येक पायरी काय सिद्ध करते आणि काय करत नाही, याचा विचार साच्यात हरवतो.

प्रथम अल्फा घेऊ. ली क्रॉनबाक यांनी १९५१ मध्ये मांडलेला हा गुणांक पदांमधील अंतर्गत सुसंगती दाखवतो. त्याचे मूल्य ०.९ च्या पुढे गेले की संशोधकास आनंद होतो. पण अल्फा पदांच्या संख्येबरोबर वाढतो, ही गोष्ट प्रत्येक पाठ्यपुस्तकात असूनही विसरली जाते. समजा, पदांमधील सरासरी सहसंबंध ०.३ इतकाच, म्हणजे बेताचाच आहे. दहा पदांच्या प्रश्नावलीत अल्फा ०.८१ येईल, तेवढ्याच बेताच्या सहसंबंधाची तीस पदे घेतल्यास तो ०.९३ होईल. प्रश्नावलीचा दर्जा तसूभरही सुधारलेला नसेल. ती केवळ लांबली असेल. डॅशमध्ये ३० पदे आहेत आणि ऑस्वेस्ट्रीत १०. तेव्हा या दोहोंचे अल्फा शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. उलट अल्फा ०.९५ च्या वर जात असेल, तर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारला जात आहे काय, अशी शंका घेतली पाहिजे. स्वतः क्रॉनबाक यांनी आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या आणि २००४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या लेखात या गुणांकावर सारा भार टाकण्याबद्दल नापसंती व्यक्त केली. त्याची दखल आपल्याकडे फारशी घेतली गेलेली नाही.

पुनर्चाचणीची कथा याहून वेगळी नाही. पहिल्या व दुसऱ्या वेळच्या गुणांत पिअरसनचा सहसंबंध काढून समाधान मानण्याची सवय अजून गेलेली नाही. पाच रुग्णांना पहिल्या वेळी २०, ३०, ४०, ५०, ६० आणि दुसऱ्या वेळी ३०, ४०, ५०, ६०, ७० गुण मिळाले असे समजू. पिअरसनचा गुणांक येथे पूर्ण १ येतो, कारण रुग्णांचा क्रम आणि त्यांच्यातील अंतर कायम आहे. प्रत्यक्षात मात्र प्रत्येकाच्या उत्तरात दहा गुणांची तफावत पडली आहे. सहसंबंध म्हणजे एकमत नव्हे, हे ब्लँड व ऑल्टमन यांनी १९८६ मध्येच दाखवून दिले. एकमत मोजणारा आंतरवर्गीय सहसंबंध गुणांक वापरल्यास ही तफावत उघड होते. मात्र त्याच्या अनेक रूपांपैकी कोणते रूप वापरले, हे सांगितले पाहिजे. केवळ 'आंतरवर्गीय गुणांक काढला' एवढे लिहिणे पुरेसे नाही.

आणि हा गुणांकही समूहाविषयी बोलतो, रुग्णाविषयी नाही. शंभर गुणांच्या प्रश्नावलीत प्रमाण विचलन १२ आणि आंतरवर्गीय गुणांक ०.८५ आहे, असे धरू. ०.८५ हा आकडा पाहून परीक्षक मान डोलावतील. मापनाची प्रमाण त्रुटी मात्र सुमारे ४.६ येते आणि त्यावरून एका रुग्णातील खरा बदल ओळखण्यासाठी लागणारा किमान फरक जवळजवळ १३ गुणांचा ठरतो. म्हणजे सहा आठवड्यांच्या व्यायामानंतर एखाद्या बाईंचे गुण दहाने सुधारले, तर ही सुधारणा व्यायामाची की मोजमापातील चढउताराची, हे त्या प्रश्नावलीला छातीठोकपणे सांगता येणार नाही. लघुप्रबंधात हा आकडा क्वचितच असतो. वास्तविक उपचार करणाऱ्याला एवढाच एक आकडा हवा असतो.

विश्वसनीयता आणि सप्रमाणता यांच्यातील अंतर समजण्यासाठी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला आंतरराष्ट्रीय शारीरिक क्रियाशीलता प्रश्नावलीचा अभ्यास उद्बोधक आहे. १२ देशांतील १४ केंद्रांवर ही प्रश्नावली तपासली गेली. पुनर्चाचणीतील सहसंबंध ०.८ च्या आसपास आले. पण शरीरावर बांधलेल्या हालचालमापक यंत्राच्या नोंदींशी तुलना केली, तेव्हा मध्यमान जेमतेम ०.३० आले. माणसे आपल्या हालचालीविषयी आज जे सांगतात तेच पुढच्या आठवड्यातही सांगतात. ते खरे असतेच असे नाही. चूकसुद्धा सातत्याने करता येते. ही प्रश्नावली गेल्या सात दिवसांचे विचारते, हेही लक्षात घ्यावे. कोल्हापूर जिल्ह्यात गळीत हंगाम सुरू असताना विचारलेले सात दिवस आणि पावसाळ्यात, भांगलण चालू असताना किंवा काम खोळंबले असताना विचारलेले सात दिवस एकाच माणसाचे असूनही दोन वेगळी उत्तरे देतील. येथे पुनर्चाचणीत गुणांक घसरला, तर दोष प्रश्नावलीचा मानायचा की ऋतूचा?

पायमोजे, बाथटब आणि मोटारगाडी

खरी अडचण मात्र आकड्यांत नाही. ती प्रश्नांत आहे.

वोमॅक ही गुडघ्याच्या व खुब्याच्या संधिवातासाठीची प्रश्नावली कॅनडात तयार झाली. तिच्यात २४ पदे आहेत : पाच वेदनेची, दोन ताठरपणाची आणि सतरा कार्यक्षमतेची. प्रत्येक पदाला शून्य ते चार गुण. गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. कार्यक्षमतेच्या सतरा पदांत पायमोजे घालणे हे एक पद आहे आणि पायमोजे काढणे हे दुसरे. मोटारगाडीत बसणे-उतरणे हे तिसरे, बाथटबमध्ये जाणे-येणे हे चौथे. आता राधानगरी किंवा भुदरगड तालुक्यातील एखाद्या साठीच्या शेतकरी बाईंना हे चार प्रश्न विचारा. त्यांनी पायमोजे कधी घातलेले नाहीत, बाथटब पाहिलेला नाही आणि गावाहून दवाखान्यात त्या एस.टी.ने येतात. 'तुम्हाला याचा किती त्रास होतो?' या प्रश्नाला त्या प्रामाणिकपणे 'काही नाही' असे उत्तर देतील आणि विद्यार्थी शून्यावर खूण करील. या चार पदांचे मिळून सोळा गुण होतात. कार्यक्षमतेच्या एकूण ६८ गुणांपैकी सोळा. उरलेल्या तेराही पदांत त्यांना कमाल त्रास असला, तरी त्यांची बेरीज ५२ च्या वर जाऊ शकत नाही. गुडघा कितीही झिजलेला असो, ही प्रश्नावली त्यांना ७६ टक्क्यांच्या पुढे असमर्थ मानायला तयार नाही. शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षायादीत किंवा औषधाच्या चाचणीत या बाईंची तुलना पायमोजे घालणाऱ्या रुग्णाशी झाली, तर अन्याय कोणावर होईल, हे सांगण्याची गरज नाही.

दुसरी बाजू याहून बोलकी आहे. या बाईंचा दिवस ज्या हालचालींनी भरलेला असतो, त्या या यादीत नाहीत. म्हशीची धार काढताना उकिडवे बसणे, भांगलताना उकिडव्यानेच सरीतून पुढे सरकत जाणे, चुलीपुढे बसून भाकरी थापणे, शेणी लावणे, पंगतीला मांडी घालून बसणे आणि मग कशाचाही आधार न घेता उठणे, डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन बांध ओलांडणे, एस.टी.ची उंच पायरी चढणे यांपैकी एकही हालचाल वोमॅक विचारत नाही. कूस या प्रश्नावलीत उकिडवे बसणे आहे. पण ते कोठे आहे, हे पाहण्यासारखे आहे. धावणे, उडी मारणे, गुडघ्यावर गिरकी घेणे आणि गुडघे टेकून बसणे यांच्या पंक्तीला, 'क्रीडा व मनोरंजन' या उपविभागात! ज्या हालचालीवर गोठा चालतो, ती स्वीडनमधील गुडघ्याच्या हिशेबात करमणुकीची ठरली आहे. हा तेथील संशोधकांचा दोष नव्हे. त्यांनी त्यांच्या रुग्णांना विचारून यादी केली. आपण आपल्या रुग्णांना न विचारता ती उचलली, हा दोष आपला आहे.

ऑस्वेस्ट्री प्रश्नावलीची जडणघडण याच दृष्टीने पाहता येते. वेल्सच्या सीमेवरील ऑस्वेस्ट्री या इंग्रजी गावातील अस्थिरुग्णालयाशी तिचे नाव जोडलेले आहे. तिच्या दहा विभागांत बसण्याचा विभाग खुर्चीवर बसण्याविषयी आहे आणि वजन उचलण्याच्या विभागात जमिनीवरून उचलणे व टेबलावरून उचलणे असा भेद केला आहे. लैंगिक जीवनाविषयीचा एक विभाग आहे, ज्याचे उत्तर आपल्याकडे अनेक रुग्ण देत नाहीत. मूळ पद्धतीत याची सोय आहे. एखादा विभाग गाळला गेल्यास भाजक ५० ऐवजी ४५ धरावयाचा असतो. ही सोय न पाळता रिकाम्या विभागास शून्य दिल्यास तोच पायमोज्यांचा प्रकार पुन्हा घडतो. ऑस्वेस्ट्रीच्या इंग्रजी व मराठी आवृत्तींची भारतीय रुग्णांवरील तपासणी २०१३ मध्ये 'स्पाइन' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. मराठी आवृत्ती उपलब्ध असणे ही समाधानाची गोष्ट आहे. पण एकदा प्रसिद्ध झाली म्हणून ती गडहिंग्लजपासून गडचिरोलीपर्यंत सर्वत्र सप्रमाण ठरली, असे होत नाही. सप्रमाणता हा प्रश्नावलीच्या अंगी कायमचा चिकटलेला गुण नसून विशिष्ट लोकांत, विशिष्ट हेतूने केलेल्या अर्थनिर्णयाचा तो गुण आहे.

महाराष्ट्रात या दिशेने झालेल्या कामाचा उल्लेख न करणे कृतघ्नपणाचे होईल. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेस या संस्थेने वोमॅकमध्ये भारतीय वापरासाठी बदल करून आपली आवृत्ती तयार केली. ती औषधचाचण्यांत वापरली गेली. याच संस्थेच्या पुढाकाराने पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये घरोघर जाऊन सांधेदुखीचे सर्वेक्षण झाले, म्हणजे प्रश्नावली रुग्णालयाच्या दारात न थांबता गावात गेली. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या रुग्णांसाठी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हेल्थ असेसमेंट प्रश्नावलीच्या भारतीय आवृत्तीत १२ पदे आहेत. त्यांत रिक्षात चढणे-उतरणे, भाजी बाजारातील खरेदी आणि शौचासाठी उकिडवे बसणे किंवा जमिनीवर मांडी घालून बसणे, यांना स्थान मिळाले. याही ठिकाणी एक शंका राहते. उकिडवे बसणे आणि मांडी घालणे या दोन वेगळ्या हालचाली आहेत. एकीत गुडघा पूर्ण दुमडून शरीराचा भार त्याच्यावर पडतो, तर दुसरीत खुबा बाहेरच्या बाजूला फिरतो. ज्याला मांडी जमते पण उकिडवे बसता येत नाही, त्याने या एका प्रश्नाला कोणते उत्तर द्यावे?

भाषेचा प्रश्न

२००० मध्ये प्रसिद्ध झालेली आणि आता सर्वत्र पाळली जाणारी रूपांतराची मार्गदर्शक तत्त्वे दोन स्वतंत्र भाषांतरे, त्यांचा मेळ, दोन उलट भाषांतरे, तज्ज्ञ समिती आणि ३० ते ४० व्यक्तींवर पूर्वचाचणी अशा पायऱ्या सांगतात. यांपैकी उलट भाषांतरावर आपल्याकडे अवास्तव विश्वास टाकला जातो. 'चालताना आपणांस कटिप्रदेशात तीव्र वेदनेचा अनुभव येतो काय?' या वाक्याचे इंग्रजी उलट भाषांतर अगदी मुळाबरहुकूम येईल. पण हे वाक्य कागल किंवा शिरोळच्या बाजारात कोणी उच्चारीत नाही. उलट भाषांतर मराठी वाक्य मुळाशी इमानी आहे की नाही एवढेच सांगते. ते मराठी माणसाला कळते की नाही, हे सांगत नाही. किंबहुना भाषांतर जितके शब्दशः आणि अवघडलेले, तितके ते परत इंग्रजीत सहज जाते. ही परीक्षा वाईट मराठीला चांगले गुण देते.

इंग्रजीत एका शब्दात मावणारे दुखणे आपल्याकडे अनेक नावांनी येते. कळ येते, चमक निघते, ठणका लागतो, रग लागते, कंबर धरते, उसण भरते, पायाला मुंग्या येतात, गुडघा आखडतो. हे केवळ शब्दवैभव नव्हे. प्रत्येक शब्दामागे वेगळी शारीरिक अवस्था आहे. उसण भरलेला माणूस आणि पायात मुंग्या येणारा माणूस हे फिजिओथेरपीच्या दृष्टीने दोन वेगळे रुग्ण आहेत. 'वेदना' हा एकच ग्रांथिक शब्द दोघांनाही झाकून टाकतो. पुन्हा या परिसराची बोली एक नाही. गडहिंग्लज भागात कन्नड मातृभाषा असलेले रुग्ण येतात, चंदगडची बोली कोकणीच्या जवळची आहे आणि गळीत हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडणी कामगार येतात. तोडणीच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणाऱ्या या बाईला जिना चढण्याचा प्रश्न विचारून तिच्या कंबरेचे काय कळणार?

टॅम्पा प्रश्नावली हे भाषिक अडचणीचे आणखी एक उदाहरण. हालचालीच्या भीतीचे मापन करणाऱ्या या प्रश्नावलीत १७ विधाने आहेत आणि त्यांतील चार उलट अर्थाची आहेत. त्यांचे गुण फिरवून घ्यावे लागतात. नकारार्थी विधानाला मराठी माणूस जे उत्तर देतो, ते संदिग्ध असते. 'हालचाल केल्याने धोका नाही, असे तुम्हाला वाटते का?' यावर कोणी 'हो, नाही धोका' म्हणेल, तर कोणी 'नाही' एवढेच म्हणून तोच अर्थ सांगेल. विद्यार्थ्याने कागदावर कोठे खूण केली, यावर गुण अवलंबून राहतात. मग विश्लेषणात ही चार पदे इतरांशी जुळत नाहीत असे दिसते आणि अल्फा वाढवण्यासाठी ती वगळली जातात. उलट अर्थाची विधाने इतर देशांतही त्रासदायक ठरली आहेत आणि २००५ मध्ये ११ विधानांची संक्षिप्त आवृत्तीही आली, हे खरे. तथापि आपल्याकडे दोष विधानाचा, भाषांतराचा की विचारण्याच्या पद्धतीचा, हे न तपासता पद वगळणे म्हणजे ताप मोजणारी काच फोडणे होय.

'विचारण्याची पद्धत' हा शब्दप्रयोग सहज केलेला नाही. यांतील बहुतेक प्रश्नावली रुग्णाने स्वतः वाचून भराव्यात, अशा अपेक्षेने रचलेल्या आहेत. आपल्याकडे त्या पांढरा कोट घातलेला विद्यार्थी वाचून दाखवतो. ज्याच्या हातून उपचार घ्यायचे, त्यालाच 'अजून तेवढंच दुखतंय' असे सांगणे अनेकांना अवघड वाटते. 'बरं हाय की आता,' असे म्हणून रुग्ण त्या मुलाचे मन राखतो आणि गुण सुधारतात. लेखी प्रश्नावलीची विश्वसनीयता तोंडी मुलाखतीला आपोआप लागू होत नाही. दोन वेगळ्या व्यक्तींनी विचारल्यास उत्तर बदलते काय, हे स्वतंत्रपणे पाहावे लागते.

तालमीतला माणूस

आतापर्यंतची उदाहरणे जास्त त्रास असलेल्या रुग्णांची होती. कोल्हापुरात याच्या उलट प्रकारही दुर्मीळ नाही. तालमीत रोज शेकड्यांनी जोर-बैठका काढणारा पैलवान कंबरेच्या दुखण्याने येतो. तो चालतो, जिने चढतो, बसतो, झोपतो, पिशव्या उचलतो. ऑस्वेस्ट्रीत त्याला शून्याच्या जवळपास गुण मिळतील. म्हणजे प्रश्नावलीच्या मते तो ठणठणीत आहे. पण आखाड्यात समोरच्याला उचलताना कंबर साथ देत नाही आणि खासबागेच्या मैदानावर उतरण्याचा त्याचा हंगाम बुडतो. उपचारानंतर तो पुन्हा लढू लागला, तरी गुणांत फरक दिसणार नाही, कारण शून्याखाली जाण्यास जागाच नाही. नमुन्यातील १५ टक्क्यांहून अधिक व्यक्ती किमान किंवा कमाल गुणांवर साचल्या, तर प्रश्नावली त्या टोकाला आंधळी आहे, असा संकेत आहे. हे प्रमाण काढायला कोणतेही सॉफ्टवेअर लागत नाही. तरीही ते सांगितले जात नाही.

काय मागावे

कॉस्मिन या आंतरराष्ट्रीय गटाने २०१० मध्ये मोजमाप-साधनांच्या परीक्षणाची सूची प्रसिद्ध केली आणि २०१८ मध्ये आशय-सप्रमाणतेला सर्वांत महत्त्वाचे स्थान दिले. आशय-सप्रमाणता म्हणजे पाच-सहा प्राध्यापकांनी 'योग्य' या रकान्यात केलेली खूण नव्हे. ज्यांच्यासाठी प्रश्नावली आहे, त्यांना प्रश्न कळतात काय, ते त्यांच्या जगण्याशी संबंधित आहेत काय आणि महत्त्वाचे काही सुटले आहे काय, हे त्यांच्याकडूनच समजून घेणे होय. हे काम गुणात्मक पद्धतीचे आहे. ते समाजशास्त्र व भाषा विभागांतील सहकाऱ्यांशिवाय नीट होणार नाही. बहुविद्याशाखीय नियतकालिकात हा विषय मांडण्याचे कारणही हेच.

संरचना-सप्रमाणतेविषयीही एक अपेक्षा ठेवता येईल. क्रॉनबाक व मील यांनी १९५५ मध्ये ही संकल्पना मांडली, तेव्हा सिद्धान्तावरून आधी अपेक्षा बांधावी आणि मग ती पडताळावी, असे त्यांना अभिप्रेत होते. आपल्याकडे वेदनामापन पट्टीशी ०.६ सहसंबंध आला तर 'चांगला' आणि ०.४ आला तर 'मध्यम' असे आकडा पाहून नंतर ठरते. रुग्णाचे दुखणे आणि त्याची कार्यक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे आपणच प्रस्तावनेत लिहितो. मग त्यांचा सहसंबंध फार जास्त आला, तर तो आनंदाचा विषय की चिंतेचा, हे नमुना गोळा करण्यापूर्वीच लिहून ठेवले पाहिजे.

मार्गदर्शक व परीक्षक यांना सहज मागता येईल अशी एक गोष्ट म्हणजे पदनिहाय तक्ता. प्रत्येक पदाला किती रुग्णांनी कोणते उत्तर दिले, किती जणांनी ते रिकामे सोडले आणि किती जणांनी 'हे आम्ही करतच नाही' असे सांगितले, याचा तो तक्ता असेल. तो परिशिष्टात एका पानात मावतो. अल्फा आणि आंतरवर्गीय गुणांक यांच्या आड जे दडते, ते या पानावर उघडे पडते. पायमोज्यांच्या दोन ओळींतील शून्यांची रांग तेथे पहिल्या नजरेत दिसेल. वोमॅकसारख्या काही प्रश्नावलींच्या वापरासाठी हक्कधारकांची परवानगी लागते आणि त्यांतील पदे परस्पर बदलता येत नाहीत. तेव्हा तक्ता पाहून जी पदे निरुपयोगी ठरतील, त्यांच्या जागी नवी पदे घालण्यापूर्वी परवानगीचा पत्रव्यवहार करावा लागेल आणि त्याला पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षापेक्षा अधिक काळ लागू शकतो. विषयनिवड पहिल्या वर्षीच करण्याचे हे एक व्यावहारिक कारण आहे.